दोन ओळी पुढे

विद्यापीठाच्या संगीत विभागात तिला सगळे पानताई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि ते तिथंच सुखात होतं. आठवडाभर ती तळमजल्यावरच्या नोटेशनच्या खोलीत बसे. भिंतीला लोखंडी कपाटं, कपाटांत खाकी पाकिटं, प्रत्येक पाकिटावर नंबर, आणि टेबलावर खळीची वाटी, ब्रश, कात्री नि खोडरबरांचा डबा. फाटकी पानं चिकटवायची, विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा खोडायच्या, नेलेलं परत आलं की नाही ते बघायचं. आणि महिन्यातून दोन-तीनदा, प्राध्यापकांची मैफल असली की काळे कपडे घालून स्टेजवर जायचं, पियानोच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकायची आणि वाजवणाऱ्याची पानं उलटायची. हे दुसरं काम तिच्या नेमणुकीच्या पत्रात कुठंच नव्हतं. पण सव्वीस वर्षं ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

कागदोपत्री ती निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली होती. निरोपाचं भाषण झालं, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती पुन्हा खोली उघडून बसली. खोलीची किल्ली तिच्याकडून कुणी मागून घेतली नाही आणि तिनेही आपण होऊन दिली नाही.

पान उलटायचं त्यात काय मोठं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा तिथं बसून बघावं. बांगड्या नकोत, अंगठी नको, अत्तर नको, करकरणारे बूट तर नकोतच. पान संपायला दोन ओळी उरल्या की उठायचं. डाव्या हाताने वरचा कोपरा धरायचा, हाताला एकच पान लागलंय ना हे बोटाने चाचपायचं, आणि वाजवणाऱ्याची मान हलली की झर्रकन उलटून खाली बसायचं. खालचा कोपरा कधीही धरायचा नाही. आपला हात वाजवणाऱ्याच्या हातांवरून गेला की त्याचा जीव टांगणीला लागतो. त्याने कितीही मोठी चूक केली तरी आपल्या चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तो वाजवत असतो ती ओळ आपली नव्हेच. आपली नजर कायम दोन ओळी पुढे. वाजतंय तिथं लक्ष दिलं की पान गेलंच म्हणून समजावं.

सव्वीस वर्षांत तिचं एकही पान चुकलं नव्हतं. ही फुशारकी ती स्वतः मारत नसे. दुसरं कुणी सांगायला लागलं तर मात्र अडवतही नसे.

सगळ्यात जास्त पानं तिने उलटली ती पियानोच्या प्राध्यापकबाईंची, म्हणजे आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीची. विभागात चारचौघांत ती तिला 'मॅडम' म्हणे आणि जिन्यात कुणी नसलं की 'छोटे'. छोटी आता बासष्टीची होती, हे दोघींनाही फारसं आठवत नसे.

लहानपणी दोघींना एकाच शिक्षिकेकडे पियानो शिकायला घातलं होतं. शिक्षिका म्हणजे काठीसारखी ताठ बाई, हसणं तिला वर्ज्य. तीन महिने झाल्यावर तिने आईला बोलावून घेतलं आणि दोघींच्या समोरच सांगितलं, "धाकटीचे हात चांगले आहेत. मोठीचे डोळे."

आई बिचारी बुचकळ्यात पडली. "म्हणजे मोठीला नाही का येणार?"

"हिला कागदावरचं सगळं दिसतं, पण ते बोटांत उतरत नाही. तिची बोटं पळतात, पण कागद बघायचा कंटाळा. दोघींची मिळून एक वाजवणारी होईल."

आईने तो निकाल शिरसावंद्य मानला. तेव्हापासून धाकटी पियानोपुढे आणि मोठी तिच्या डाव्या हाताला. नऊ वर्षांची पोर पान उलटायला उठे आणि सात वर्षांची वाजवे. मोठीला तेव्हा वाईट वाटलं होतं का? वाटलं होतं. पहिले दोन-चार महिने ती रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर आपल्याशिवाय हिचं पान हलत नाही याचा तिला अभिमानच वाटायला लागला.

त्याच वयात दोघींचा एक रिवाज पडला होता. वाजवून झालं, बाहेर आलं, की धाकटी म्हणायची, "सांग." आणि मोठी सांगायची. सातव्या पानावर तिसऱ्या ओळीत एक सूर खाल्लास. अकराव्यावर घाई केलीस. शेवटी डावा हात जड झाला. कागदावर काय होतं ते तिच्या डोळ्यांपुढे असे, आणि त्यातलं काय राहिलं तेवढंच तिच्या कानाला कळे. धाकटी मान डोलवून ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी ती चूक करायची नाही. शाळेच्या कार्यक्रमापासून ते विद्यापीठाच्या मोठ्या हॉलपर्यंत हा रिवाज एकदाही मोडला नाही. धाकटीला बक्षिसं मिळाली, पदक मिळालं, विभागात सगळ्यांत वरची खुर्ची मिळाली. तरीही मैफल संपली की ती इमारतीबाहेरच्या बाकावर बसून बूट काढायची आणि म्हणायची, "हं, सांग."

मोठीच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण तो एकही मैफल चुकवत नसे. तिसऱ्या रांगेत डाव्या कडेला बसायचा, कारण तिथून बायको नीट दिसे. हॉलभर लोक वाजवणाऱ्याला बघायला यायचे आणि हा एकटा उलटणाऱ्याला. घरी आल्यावर दर वेळी विचारायचा, "कसं झालं?"

"पानं सगळी वेळेवर गेली."

"अगं, पण वाजवलं कसं तिनं?"

"ते तुम्ही सांगा. तुम्ही ऐकत होतात."

त्याला तो विनोद वाटे. पण ती खरं तेच सांगत असे.

त्या वर्षी धाकटी निवृत्त होणार होती. बाकीचे प्राध्यापक केव्हाच टॅब्लेटवर गेले होते, पायाने एक पेडल दाबलं की पान आपोआप पुढे जाई. कागद फक्त धाकटीकडे उरला होता. म्हणजे तिची शेवटची मैफल ती पानताईचीही शेवटची. याबद्दल दोघी बोलल्या नव्हत्या. बोलण्यासारखं त्यात होतं काय?

ही शेवटची मैफल सरळ झाली असती तर हे सांगायचं कारणच पडलं नसतं. पण विभागात एक नवे सर आले होते, सॅक्सोफोनवाले, जॅझ शिकवणारे. पस्तिशीचे, दाढी विस्कटलेली, बोलताना हातांनी ठेका धरायची सवय. विभागात शास्त्रीय शिकवणारे दुसऱ्या मजल्यावर नि जॅझवाले तळघरात, आणि दोघांचा चहासुद्धा एकत्र होत नसे. विभागप्रमुखांनी ठरवलं, या वेळची प्राध्यापकांची मैफल दोन्ही मजल्यांची मिळून करायची. पहिला भाग शास्त्रीय, आणि दुसऱ्या भागात सॅक्सोफोनवाल्या सरांनी खास लिहिलेली एक लांबलचक रचना. पियानो, सॅक्सोफोन आणि ड्रम. अर्धी लिहिलेली, अर्धी मोकळी.

मीटिंगमध्ये सरांनी कागद पुढे सरकवला. मधोमध एक पान जवळजवळ कोरंच होतं. त्यावर एवढंच: 'इथे पियानो एकटा. वाटेल ते, वाटेल तितकं. परत यायचं झालं की मान हलवा.'

"मॅडम, जमेल ना?" सरांनी अगदी सरळ मनाने विचारलं.

"न जमायला काय झालं?" धाकटी म्हणाली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पंचावन्न वर्षांत तिने कागदाशिवाय एक ओळ लोकांसमोर वाजवली नव्हती. पाठ असलेलंसुद्धा कागद समोर ठेवून वाजवायची. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी ती तळमजल्यावरच्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसली.

"ताई, मी मेले."

"काय झालं?"

"वाटेल ते वाजव म्हणतोय. मला काही वाटतच नाही! मी पियानोपुढे बसले, कागद नाही, आणि डोकं असं कोरं. अर्धा तास नुसती बघत बसले होते काल."

"मग नाही म्हणून सांग."

"निवृत्तीच्या मैफलीत? त्या पोरांसमोर? सगळ्यांना मी तीस वर्षं सांगत आलेय, पियानोत अवघड असं काही नसतं, आळस असतो." तिने कपाळाला हात लावला. "जन्माचं हसं होईल माझं."

तीन आठवड्यांनी ती पुन्हा खोलीत आली ती एक पाकीट घेऊन. आत चार कागद होते, पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले. तिने आपलं 'वाटेल ते' सूर न् सूर लिहून काढलं होतं. जरा अडखळल्यासारखं कुठं करायचं तेही लिहिलं होतं. दुसऱ्या कागदावर एके ठिकाणी 'इथे विचारात पडल्यासारखं थांबणे' अशी नोंद होती.

"हे त्या कोऱ्या पानाच्या मागे चिकटव," ती म्हणाली. "कुणाला कळता कामा नये."

"छोटे, ही लबाडी आहे."

"लबाडी कसली? वाटेल ते वाजव म्हणालाय. मला लिहिलेलं वाटतंय."

 मोठीने खळ कालवली.

एक अडचण मात्र होतीच. मोकळं वाजवायच्या जागी पान उलटायला कुणी उभं राहत नाही. तेव्हा उभं न राहता, बसल्याबसल्या, थोडं वाकून खालच्या कोपऱ्याने उलटायचं असं ठरलं. सर त्या वेळी प्रेक्षकांकडे तोंड करून उभे असणार आणि ड्रमवाल्याला पलीकडून फक्त धाकटीचं डोकं दिसणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. आयुष्यभर जे पाप मानलं तेच आता मोठीला घटवावं लागलं. घरी जेवणाच्या टेबलावर तिने वही उभी केली, नवऱ्याला समोर बसवलं आणि दहा बोटं टेबलावर आपटायला लावली.

"मी काय वाजवतोय?" त्याने विचारलं.

"गप्प बसा आणि वाजवा. हाताला हात लागला तर सांगा."

चार-पाचदा लागला, मग लागेनासा झाला.

तालमी दोन झाल्या आणि दोन्ही सुरळीत पार पडल्या. दुसऱ्या तालमीनंतर, शनिवारी दुपारी, सर सॅक्सोफोन पुसता पुसता सहज म्हणाले, "वा मॅडम! आजही अगदी तेच सुचलं तुम्हाला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता हे देव जाणे. धाकटीला मात्र तो टोमणाच वाटला. घरी जाऊन तिने तिसरा कागद फाडला आणि तो सबंध नव्याने लिहिला, म्हणजे मैफलीत निदान मधला भाग तरी वेगळा वाजेल आणि संशय फिटेल. रविवारी सकाळी ती नवा कागद घेऊन खोलीत हजर. मैफल चारला होती.

"हा वाजवून बघितलास?" मोठीने विचारलं.

"दोनदा. कागद समोर असला की येईल."

"खळ वाळायला रात्र लागते गं."

"पंख्याखाली धर!"

मोठीने जुना तिसरा कागद सोडवला, नवा लावला, पंख्याखाली धरला आणि वर दोन जाडजूड पुस्तकं ठेवली. तिच्या नेमाप्रमाणे मैफलीआधी प्रत्येक पान बोटाने सुटं करून बघायचं होतं. ते ती स्टेजमागच्या खोलीत करायला बसलीही. पहिला भाग तपासून झाला, दुसऱ्याचं कोरं पान आलं, आणि तेवढ्यात सर दारातून आत डोकावले.

"पानताई, जरा बघू. शेवटच्या ओळीत मी एक बदल केलाय, तुमच्यात आहे का?"

तिने वही फाटकन मिटून छातीशी धरली. "आहे. केलाय. मीच केलाय."

"बघू तरी."

"आता नाही. पानं लावून ठेवलीत मी, विस्कटतील." आजवर ती अशी कुणाच्या अंगावर गेली नव्हती. सर ओशाळून निघून गेले. मागोमाग पहिली घंटा झाली आणि उरलेली पानं तपासायची राहिली ती राहिलीच.

पहिला भाग जसा व्हायचा तसा झाला. हॉल भरलेला होता, मागे विद्यार्थी उभे होते. धाकटीने तीन रचना वाजवल्या, मोठीने एकेचाळीस पानं उलटली. टाळ्या झाल्या. मग सर आणि ड्रमवाला आले, आणि दुसरा भाग सुरू झाला.

लिहिलेली पानं झपाट्याने गेली. सॅक्सोफोन वर चढला, उतरला, थांबला. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. सरांनी धाकटीकडे बघून मान लववली आणि प्रेक्षकांकडे वळले. आता पियानो एकटा.

मोठीने खालचा कोपरा धरून कोरं पान उलटलं. पहिला कागद. धाकटी वाजवायला लागली, रीतसर, सूर न् सूर लिहिल्याप्रमाणे. पहिला संपला, दुसरा आला. 'विचारात पडल्यासारखं' ती थांबली आणि हॉलमध्ये कुणीतरी कौतुकाने 'अहा' केलं. मोठीची नजर दोन ओळी पुढे होतीच. तिने हात घातला, कोपरा धरला. बसून वरचा कोपरा चाचपता येत नव्हता. उलटलं.

समोर चौथा कागद होता.

दुसरा आणि तिसरा खळीने एकमेकांना घट्ट धरून बसले होते आणि एकच पान होऊन पलीकडे गेले होते.

धाकटीने समोर बघितलं आणि तिचे हात थांबले. या वेळी विचारात पडल्यासारखे नव्हे, खरेच थांबले. चौथ्या कागदावरचं वेगळ्याच पट्टीतलं होतं. तिसऱ्याशिवाय तिथं जायला वाटच नव्हती. आणि तिसरा कालच लिहिलेला, तिला पाठ नव्हता.  सव्वीस वर्षं, आणि चुकायचं ते आज, हिच्या शेवटच्या दिवशी. सगळ्या हॉलसमोर बहीण हात वर धरून बसली होती, आणि हे आपल्या खळीने झालं होतं. मोठीच्या मनात नुसतं 'देवा, देवा' चाललं होतं.

धाकटीने दुसऱ्या कागदावरची शेवटची चार सुरांची ओळ पुन्हा वाजवली, वेळ मारून न्यायला. मोठीचा हात वर गेला. पान मागे घ्यायचं, नखाने कोपरा सोडवायचा, तिसरा कागद समोर आणायचा. सगळ्याला मिळून तीन-चार सेकंद लागले असते. धाकटीने तीच ओळ तिसऱ्यांदा वाजवली, आणि या वेळी शेवटचा सूर भलताच लागला.

मोठीने तिच्याकडे बघितलं. धाकटी कागदाकडे बघतच नव्हती. मान खाली घालून ती आपल्या हातांकडे बघत होती, आणि तो चुकलेला सूर तिने पुन्हा मुद्दाम वाजवला. मग पुन्हा. मग डाव्या हाताने त्याच्याखाली काहीतरी धरलं, खोड्या काढल्यासारखं, ठेच लागल्यासारखं चालणारं. मोठीला ते ओळखीचं वाटलं. शिक्षिका दार उघडायला बाहेर गेली की सात वर्षांची पोर असंच काहीतरी वाजवायची, आणि पावलं वाजली की निमूट कागदावर परत यायची. ते कुठं लिहिलेलं नव्हतं. तेव्हा मोठी दाराकडे लक्ष ठेवून असायची, त्यामुळे तेही तिने कधी धड ऐकलं नव्हतं.

तिचा हात हवेत होता. तो तिने खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

आता पुढे बघायला काही नव्हतं. दोन ओळी पुढे काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, वाजवणारीलाही नाही. मग मोठी नुसती बसली, आणि वाजत होतं ते तिच्या कानावर यायला लागलं. धाकटी एखादी वाट धरायची, ती बंद निघाली की मागे यायची, आणि मागे येतानाचं मूळच्यापेक्षा गोड लागायचं. मध्येच पहिल्या भागातल्या रचनेची एक ओळ तिने उचलली आणि तिच्या खाली तो ठेचकाळणारा डावा हात लावला. हॉलमध्ये लोक हसले. ड्रमवाल्याने हळूच काठ्या उचलून ड्रमच्या कडेवर टकटक सुरू केली, जे करायचं ठरलं नव्हतं. सर प्रेक्षकांकडे तोंड करून उभे होते ते वळून पियानोकडे बघत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मोठीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं भान तिला नव्हतं. चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही हा नियमही त्यातच वाहून गेला.

धाकटीने मान हलवली.

मोठी तशीच बसून होती.

धाकटीने पुन्हा मान हलवली, या वेळी डोळे वटारून. तेव्हा मोठी दचकून उठली आणि परतीचं पान लावलं. तोवर सॅक्सोफोन सुरू झाला होता आणि धाकटीने पहिल्या दोन ओळी तशाच, कागदाविना, मारून नेल्या होत्या. एका मैफलीत दोन चुका. तिसऱ्या रांगेत डाव्या कडेला सायकलवाला सीटवरून पुढे वाकून बसला होता. हॉलमधलं बाकी कुणी पानताईकडे बघत नव्हतं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. स्टेजमागच्या खोलीत आल्या आल्या धाकटीने वही टेबलावर आदळली. "ताई! तू? तुझ्याकडून पान चुकलं?"

मोठी काही बोलायच्या आत सर आत आले. घामाने डबडबले होते. "मॅडम, हे कुठं लपवून ठेवलं होतं? तालमीत तर दोन्ही वेळा काना-मात्रेचा फरक नाही, तेच. मला वाटलं, आपल्याला कळतंय खरं, पण मॅडम मोठ्या आहेत, आपण कशाला बोला."

धाकटी कानापर्यंत लाल झाली. सर हसले, दोघींना वाकून नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि गेले. लोक येत राहिले, हात मिळवत राहिले, फुलं देत राहिले.

सहाच्या सुमारास गर्दी पांगली. सायकलवाला फुलं घेऊन बस थांब्याकडे पुढे गेला. दोघी इमारतीबाहेरच्या बाकावर बसल्या. धाकटीने बूट काढले, पायाची बोटं हलवली.

"हं, सांग."

"पहिल्या भागात, दुसऱ्या रचनेत चौथ्या पानावर डावा हात पुढे पळाला," मोठी म्हणाली. "तिसरीत शेवटून दुसऱ्या ओळीत एक सूर खाल्लास."

"ते कळलं मला. मधलं सांग. पान उडाल्यावर कुठं कुठं चुकले?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? शेजारीच तर होतीस! आणि हात वर आला होता तुझा, बघितलं मी. मग खाली का घेतलास?"

"तू कागदाकडे बघत नव्हतीस. मी कशाला मध्ये येऊ?"

"बरं, मग चुका?"

"समोर कागद नव्हता गं, कशावरून सांगू चुका? मी ऐकत होते."

धाकटी तिच्याकडे वळली. "आणि इतकी वर्षं काय करत होतीस?"

"वाचत होते," मोठी म्हणाली. "तू वाजवायचीस तेव्हा मी पुढच्या पानावर असायचे. तू आलीस की मी तिथून निघालेली असायचे. पंचावन्न वर्षं तुझ्याशेजारी बसले, छोटे, पण तू कशी वाजवतेस ते मला आज कळलं."

 एक बूट धाकटीच्या हातातच होता. पदक मिळालं तेव्हा, खुर्ची मिळाली तेव्हा, दर वेळी ती या बाकावर बसून चुका ऐकत आली होती, आणि त्यापलीकडचं काही विचारायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं. आता तिने बुटाकडे बघतच विचारलं, "कशी वाजवते?"

"चांगली वाजवतेस गं," मोठी म्हणाली. "फार चांगली वाजवतेस."

धाकटीने बूट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडायला लागली, सात वर्षांच्या पोरीसारखी, आवाज करून. मोठीने तिच्या पाठीवर हात ठेवला. थांब्यावरून सायकलवाल्याने फुलं हलवून खूण केली, बस येत होती.

"परत म्हण," धाकटी हातांमागून म्हणाली.

"एकदा म्हटलं तेवढं पुरे," मोठी म्हणाली. "बूट घाल."